सहा खुर्च्यांचे टेबल आणि सतरा टक्क्यांची सवय

वाचकाचे पत्र:

"मी मूळचा साताऱ्याचा, गेली नऊ वर्षे लंडनजवळ राहतो. घरात मेंढीकोट आणि रमी खेळत मोठा झालो. दोन वर्षांपासून येथील परवानाधारक संकेतस्थळावर लिमिट होल्डेम (पोकरचा एक प्रकार, ज्यात प्रत्येक बेटची, म्हणजे लावायच्या पैशांची, रक्कम ठरलेली असते) खेळतो, तेही २/४ डॉलरच्या टेबलावर, जिथे लहान बेट २ आणि मोठी ४ डॉलरची. नऊ जणांच्या, म्हणजे पूर्ण टेबलावर सहा हजार डावांत २४० डॉलर मिळवले. अलीकडे ते टेबल रात्री भरतच नाही, आणि भरले तरी नुसती पाने टाकत, म्हणजे डाव सोडून देत बसण्याचा कंटाळा येतो, म्हणून सहा जणांच्या टेबलावर गेलो आणि अडीच हजार डावांत ३०० डॉलर घालवले. दोन्हीकडे मी शंभरातले सतराच डाव खेळतो; शिस्त मोडलेली नाही. परवा मोठ्या ब्लाइंडमध्ये (पाने पाहण्याआधीच सक्तीने पैसे ठेवाव्या लागणाऱ्या दोन जागांपैकी मोठ्या रकमेच्या जागेवर) माझ्याकडे एक्का-सत्ती होती, बटणावरच्या (फ्लॉपपासून पुढे सर्वांत शेवटी बोलणाऱ्या) खेळाडूने रेझ केले, म्हणजे बेट वाढवली होती; फ्लॉपवर, म्हणजे टेबलावर उघडलेल्या पहिल्या तीन सामाईक पानांत, राजा, सत्ती, तिर्री आली, तो शेवटपर्यंत बेट लावत राहिला आणि रिव्हरवर, म्हणजे शेवटच्या पाचव्या सामाईक पानावर, मी पाने टाकली. खेळासाठी वेगळे काढलेले ११०० डॉलर उरले आहेत. सहा जणांचे टेबल मला जमणार नाही, असे समजून पूर्ण टेबलाची वाट पाहत बसावे का? डिसेंबरमध्ये पुण्याला येणार आहे, तेव्हा सुटीत सराव वाढवावा असेही मनात आहे."

प्रिय वाचक,

तुमच्या पत्रातील सर्वांत मोलाचा आकडा तोट्याचा नसून सतरा टक्क्यांचा आहे, कारण ज्या गोष्टीला तुम्ही शिस्त म्हणता तिच्यातच माझ्या मते तुमच्या प्रश्नाचे उत्तर दडलेले आहे. मात्र त्याआधी २४० आणि ३०० या दोन आकड्यांचे ओझे तुमच्या मनावरून उतरवणे मला आवश्यक वाटते.

लिमिट होल्डेममध्ये निकालांचे चढउतार किती मोठे असतात याची कल्पना पुष्कळ वर्षे खेळलेल्यांनाही नसते. हिशेब मोठ्या बेटमध्ये, म्हणजे तुमच्या टेबलावर ४ डॉलरच्या एककात, मांडला तर पूर्ण टेबलावर शंभर डावांमागे प्रमाण विचलन (चढउताराचे माप) साधारण १५ मोठ्या बेट आणि सहा जणांच्या टेबलावर साधारण १८ मोठ्या बेट इतके धरण्याची पद्धत आहे. त्यानुसार सहा हजार डावांत केवळ पानांच्या लहरीमुळे ४६५ डॉलरपर्यंतचा फरक अगदी सहज पडू शकतो, आणि अडीच हजार डावांत ३६० डॉलरपर्यंतचा. तुमचा नफा आणि तुमचा तोटा हे दोन्ही या मर्यादेच्या आत बसतात. ज्याला नफाही होत नाही आणि तोटाही होत नाही, अशा खेळाडूलाही सहा हजार डावांनंतर दहांपैकी तीन वेळा तुमच्याइतका किंवा तुमच्याहून अधिक नफा दिसेल. आणि सहा जणांच्या टेबलावर शंभर डावांमागे एक मोठी बेट मिळवणारा, म्हणजे खरोखर चांगला खेळाडूही अडीच हजार डावांनंतर सातआठ वेळांतून एकदा तुमच्याइतका तोटा पाहील. म्हणून पूर्ण टेबल तुम्हाला जमते हे अजून सिद्ध झालेले नाही, आणि सहा जणांचे जमत नाही हेही सिद्ध झालेले नाही. निर्णय निकालावरून न करता खेळण्याच्या पद्धतीवरून केला पाहिजे, आणि पद्धतीविषयी तुमचे पत्र बरेच सांगून जाते.

नऊ जणांच्या टेबलावर सर्वांत आधी बोलणाऱ्या तिघांनी पाने टाकली की मागे उरतात ते सहा जण. ब्लाइंड तेच, बेटचे आकार तेच, बोलायचा क्रमही तोच. त्या क्षणी ते टेबल आणि सहा खुर्च्यांचे टेबल यांत पत्त्यांच्या दृष्टीने जवळजवळ काहीच फरक उरत नाही. (ज्या तिघांनी पाने टाकली त्यांच्याकडे एक्के-राजे नसण्याची शक्यता थोडी अधिक, त्यामुळे मागच्यांकडे ते असण्याची शक्यता किंचित वाढते, पण हा परिणाम इतका लहान आहे की तुमच्यामाझ्या पातळीवर तो विसरावा.) म्हणजे सहा जणांचा खेळ हा वेगळा खेळ नाही. पूर्ण टेबलावरील खेळातून पहिल्या तीन खुर्च्या, जिथे बहुतेक वेळा पाने टाकण्याखेरीज काही करायचे नसते, तेवढ्या काढून टाकल्या की तो उरतो.

आता तुमचे सतरा टक्के या दृष्टीने पाहा. पूर्ण टेबलावर सतराची सरासरी ठेवणारा विचारी खेळाडू पहिल्या तीन खुर्च्यांवरून शंभरातले साधारण नऊ डाव खेळत असेल, तर हिशेबाने उरलेल्या सहा खुर्च्यांवर त्याची सरासरी एकवीसच्या आसपास आलीच पाहिजे, आणि बटणावर ती आणखी वर जाते. तो खेळाडू एकही सवय न बदलता सहा जणांच्या टेबलावर जाऊन बसला तरी त्याचा आकडा सतरावरून एकवीसवर आपोआप जाईल. तुमचा गेला नाही. याचा अर्थ दोन्हींपैकी एक गोष्ट खरी असावी: एक तर पूर्ण टेबलावर तुम्ही कोणत्याही खुर्चीवरून एकाच मापाने पाने निवडत आहात, नाही तर सहा जणांच्या टेबलावर बसल्यावर भीतीने तुमचा हात अधिकच आखडता झाला आहे. डावांची नोंद ठेवणारे सॉफ्टवेअर तुमच्याकडे आहे असे टक्केवारीवरून दिसते. त्यात खुर्चीनुसार आकडे पाहा, म्हणजे यांपैकी कोणते खरे हे पंधरा मिनिटांत कळेल. माझा अंदाज पहिल्या शक्यतेकडे झुकतो. शिस्त म्हणजे ठरलेल्या संख्येला चिकटून राहणे, अशी समजूत पूर्ण टेबल नकळत करून देते, कारण तिथे ती चालून जाते; आपल्या चुका तिथे फारशा महाग पडत नाहीत.

सहा जणांच्या टेबलावर त्या का महाग पडतात हे ब्लाइंडच्या हिशेबातून लगेच उमगते. १ आणि २ डॉलरचे दोन ब्लाइंड मिळून एका फेरीला ३ डॉलर जातात. नऊ जणांत ती फेरी नऊ डावांत पूर्ण होते, म्हणजे शंभर डावांमागे ३३ डॉलर. सहा जणांत शंभर डावांमागे ५० डॉलर. हे सतरा डॉलर भरून काढण्यासाठी अधिक डाव खेळावे लागतात आणि ते खेळता येतात, कारण समोर माणसे कमी असतात. एक्क्यांची, राजांची वा राण्यांची जोडी किंवा एक्का-राजा यांपैकी काहीतरी बाकीच्या आठ जणांपैकी कोणाकडे तरी असण्याचा प्रसंग जवळजवळ पाच डावांत एकदा येतो. प्रतिस्पर्धी पाचच असतील तर तो आठ डावांत एकदा येतो. एक्का-दश्शी किंवा राजा-गुलाम ही पाने पहिल्या खुर्चीवरून पूर्ण टेबलावर संकटात टाकतात. तीच पाने तुमच्या मागे तिघेच उरलेले असताना रेझ करण्याजोगी असतात. आणि तिथे पहिल्यांदा पॉटमध्ये (मध्ये जमलेल्या पैशांच्या डावात) शिरताना नुसता कॉल करू नये, म्हणजे लागलेल्या बेटइतकेच पैसे घालू नयेत: रेझ करावे किंवा पाने टाकावीत. पूर्ण टेबलावर आधी चौघांनी कॉल केलेला असताना एकाच रंगाची सत्ती-अठ्ठी घेऊन पाचवे म्हणून मागे शिरणे वाजवी असते, कारण फ्लश (एका रंगाची पाच पाने) किंवा सीक्वेन्स लागली तर पैसे देणारे पुष्कळ असतात. सहा जणांत ते देणारेच नसतात.

तुमच्या नुकसानीचा मोठा भाग मोठ्या ब्लाइंडमध्ये होत असणार, असे मला ठामपणे वाटते. बटणावरून कोणी रेझ केले आणि लहान ब्लाइंडने पाने टाकली की पॉटमध्ये त्याचे ४, तुमचे २ आणि सोडून दिलेला १ असे ७ डॉलर असतात, आणि तुम्हाला आणखी २ घालायचे असतात. साडेतीनास एक हा भाव आहे. म्हणजे शंभरातून बावीस वेळा जिंकण्याइतकी पाने असली तरी, पुढच्या बेट बाजूला ठेवून, केवळ या किमतीच्या हिशेबाने कॉल परवडतो, आणि बटणावरून जवळजवळ निम्म्या डावांत रेझ करणाऱ्या माणसासमोर एका रंगाची राणी-अठ्ठी त्याहून पुष्कळच चांगली असते. अर्थात पुढे तुम्हालाच प्रत्येक वेळी आधी बोलायचे असते, त्यामुळे हातातली प्रत्येक जोडगोळी खेळण्याजोगी नसते. पण पूर्ण टेबलावर पहिल्या खुर्चीवरून रेझ आले असता जी पाने तुम्ही टाकता, तीच पाने बटणाच्या रेझवर टाकणे म्हणजे ब्लाइंड दान करणे होय. पूर्ण टेबलावर हा प्रसंग नऊ डावांत एकदा आणि तोही पुष्कळदा इतरांच्या सोबतीने येतो. सहा जणांत तो सहा डावांत एकदा येतो, आणि बहुतेक वेळा तुम्ही आणि तो असे दोघेच असता.

एक्का-सत्तीचा डाव याचेच पुढचे रूप आहे, आणि तुम्ही तो लिहून पाठवला याचा मला आनंद झाला. फ्लॉपपूर्वी पॉट ९ डॉलरचा झाला. फ्लॉपवर दोघांचे २-२ मिळून १३, टर्नवर, म्हणजे चौथ्या पानावर, ४-४ मिळून २१, आणि रिव्हरवर त्याने ४ लावल्यावर २५. तुम्हाला ४ घालून २५ मिळवायचे होते. सातांत एकदा जरी तुमची सत्तीची जोडी पुढे निघाली असती तरी कॉल वाया गेला नसता. बटणावरून रेझ करणाऱ्याकडे राजा असेलही. पण राणी-गुलाम, गुलाम-दश्शी, एक्का-पंजी, न लागलेली फ्लश अशा कितीतरी पानांनिशी तो याच तऱ्हेने बेट लावत येतो, कारण दोघांच्या पॉटमध्ये तुम्ही पाने टाकाल ही आशा त्याला नेहमीच असते. सातांतल्या सहा वेळा हरून एकदा जिंकणे मनाला बोचते, हे मला ठाऊक आहे. मी स्वतः दहा जणांच्या टेबलावर शिकलो आणि सहा जणांत आल्यावर किती महिने रिव्हरवर पाने टाकत राहिलो, ते माझ्या जुन्या नोंदवह्यांत अजूनही दिसते. तिथे ती सवय योग्यच होती: चौघे पॉटमध्ये असताना गप्प खेळणाऱ्या माणसाने रिव्हरवर बेट लावली तर मधली जोडी टाकणे शहाणपणाचे असते. तेच शहाणपण एकट्या बटणासमोर चालवले की प्रत्येक वेळी २५ डॉलरचा पॉट हातचा जाण्याचा धोका आपण ४ डॉलर वाचवण्यासाठी पत्करतो.

मग पूर्ण टेबल वाईट का? मुळीच नाही. ज्याला फ्लश लागण्याची शक्यता अजून मोजता येत नाही (टर्ननंतर ती ९ पानांनी लागते आणि ३७ पानांनी चुकते, म्हणजे सुमारे चारास एक), त्याने पूर्ण टेबलावरच बसावे, कारण तिथे विचार करायला वेळ मिळतो आणि न कळणाऱ्या प्रसंगांतून पाने टाकून सुटता येते. ज्या टेबलावर दर डावाला पाचसहा जण फ्लॉप पाहत आहेत असे पूर्ण टेबल तुम्हाला आजही मिळाले, तर माझे वरचे सगळे विवेचन बाजूला ठेवून तिथेच बसा. पाने निवडून खेळणाऱ्याला त्याहून चांगली जागा नाही. अडचण इतकीच की तशी टेबले आता दुर्मिळ आहेत. २००३ साली संकेतस्थळावरील पात्रता फेरीतून आलेला ख्रिस मनीमेकर लास वेगासमध्ये पोकरच्या जागतिक मालिकेची मुख्य स्पर्धा जिंकला आणि नवख्यांचा लोंढा नो-लिमिटकडे, म्हणजे बेटला मर्यादा नसलेल्या प्रकाराकडे, वळला. २००६ च्या ऑक्टोबरात अमेरिकेत ऑनलाइन जुगाराच्या पैशांच्या देवघेवीवर कायदा झाला आणि अनेक संकेतस्थळांनी तेथील खेळाडूंना दारे बंद केली. लिमिटच्या टेबलांवर आज नेहमीचे, जाणते खेळाडू अधिक दिसतात. रात्री एक वाजता भरलेल्या नऊ खुर्च्यांपैकी सात अशा जाणत्यांच्या असतील, तर ते पूर्ण टेबल तुमच्या कंटाळ्याहूनही अधिक हानिकारक आहे. जे थोडे पॉट रंगतात त्यांतून संकेतस्थळाचा वाटा, म्हणजे रेक, मात्र जातच राहतो.

कंटाळ्याविषयी मला तुमच्याशी थोडे परखड बोलावेसे वाटते. तुम्ही टेबल बदलले ते हिशेबाने नाही, कंटाळ्याने. आणि गेलात तेव्हा त्याच किमतीच्या टेबलावर गेलात. पूर्ण टेबलासाठी ३०० मोठ्या बेटची पुंजी पुरेशी मानण्याचा जुना प्रघात आहे, म्हणजे तुमच्या किमतीला १२०० डॉलर; सहा जणांसाठी चढउतार अधिक असल्याने ५०० मोठ्या बेट, म्हणजे २००० डॉलर धराव्यात. तुमच्याकडे ११०० आहेत. म्हणून माझे उत्तर असे: पूर्ण टेबलाची वाट पाहत बसू नका, सहा जणांच्याच टेबलावर या, पण १/२ डॉलरच्या. तिथे ५०० मोठ्या बेट म्हणजे १००० डॉलर होतात आणि तुमची पुंजी त्याला पुरते. एकाच वेळी एकच टेबल उघडा. पूर्ण टेबलावर तासाला साठ-सत्तर डाव होतात, सहा जणांत ऐंशी ते शंभर; त्यातही जवळजवळ प्रत्येक डावात तुम्हाला काही ना काही ठरवायचे असते, तेव्हा पाने टाकत बसण्याचा तो कंटाळा तसाही राहणार नाही.

बसण्याआधी टेबल पाहा. संकेतस्थळावरील टेबलांच्या यादीत किती टक्के खेळाडू फ्लॉप पाहतात हे दिसत असेल तर तो आकडा पाहा, आणि निदान दोघे तरी सैल, म्हणजे बरेचसे डाव खेळणारे असल्याशिवाय बसू नका. सतत रेझ करणारा खेळाडू तुमच्या उजव्या हाताला असू द्या, म्हणजे तो तुमच्याआधी बोलेल आणि तुमचे पैसे पॉटमध्ये जाण्यापूर्वी त्याचा विचार तुम्हाला कळेल. सहाचे चार झाले तरी खेळत राहायला हरकत नाही. तीन झाले की सध्या तरी उठा, कारण २/४ च्या मापाने तिथे ब्लाइंडपोटी प्रत्येक डावाला सरासरी एक डॉलर जातो आणि तेवढा आक्रमक खेळ तुम्ही अजून शिकलेला नाही. दोघांच्या लिमिट टेबलावर तर पैसे लावून बसूच नका. जानेवारी २०१५ मध्ये कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी 'सीफियस' नावाच्या संगणकप्रणालीने दोघांचे लिमिट होल्डेम जवळजवळ पूर्णपणे सोडवल्याचे प्रसिद्ध केले. माणूस आयुष्यभर तिच्याशी खेळला तरी तिच्यातील त्रुटीचा फायदा त्याला खात्रीने दाखवता येणार नाही, इतकी ती अचूक आहे. प्रत्येक खुर्ची कमी होताना खेळ यंत्राच्या आवाक्यात अधिक येतो, आणि समोर कोण बसले आहे हे पडद्यावरून कळत नाही. सरावासाठी, पैसे न लावता, अशा प्रणालींचा अभ्यास अवश्य करावा. मोठा ब्लाइंड किती ठिकाणी वाचवायचा, म्हणजे पाने न टाकता खेळायचा, हे मला तिथूनच पटले.

डिसेंबरबद्दल: पुण्यात असताना आपल्या खात्यातून खेळू नका. भारताच्या संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये मंजूर केलेल्या कायद्याने, खेळ कौशल्याचा की दैवाचा असा भेद न करता, पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांना मनाई केली आहे. जागा लपवून खेळण्याचा सल्ला कोणी मित्र देईल. तो ऐकू नका, कारण तुमच्या संकेतस्थळाचे नियमही ते चालवून घेणार नाहीत आणि खात्यातील रक्कम अडकण्याची भीती आहे. त्या सुटीत घरच्यांबरोबर मेंढीकोट खेळा, आणि जमल्यास जुन्या डावांच्या नोंदी घेऊन बसा. आणखी एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, तरी सांगतो. ब्रिटनमध्ये एप्रिल २०२० पासून क्रेडिट कार्डाने जुगाराचे पैसे भरता येत नाहीत, ही बंदी खेळाडूच्या हिताचीच आहे. ११०० डॉलर संपले तर घरखर्चातून नवे भरायचे नाहीत, हे आजच पत्नीला किंवा जवळच्या कोणाला सांगून ठेवा आणि खात्यावर भरण्याची मर्यादा घाला. तोटा भरून काढण्यासाठी पुन्हा टेबल उघडावेसे वाटू लागले, तर तेथील 'गॅमस्टॉप' या विनामूल्य सेवेत नाव नोंदवून सगळ्या परवानाधारक संकेतस्थळांपासून स्वतःला दूर ठेवता येते.

१/२ च्या टेबलावर पाच हजार डाव झाले की मला पुन्हा लिहा. तेव्हा नफातोटा कळवू नका; प्रत्येक खुर्चीवरून शंभरातले किती डाव खेळलात, बटणाच्या रेझवर मोठा ब्लाइंड किती वेळा वाचवलात, आणि रिव्हरवर जिथे पाने टाकावीत की नाही हे ठरवता आले नाही असे दहा डाव, एवढेच पाठवा.